ही मुलं रमत नाहीत, हे खरं नाही

ऊसतोड कामगारांची मुलं शाळेत रमत नाहीत, हे वाक्य दरवर्षी दिवाळीची सुट्टी संपली की कानावर येऊ लागतं. साखर कारखान्यांच्या आसपासच्या शाळांत ते बोललं जातं, शिक्षण परिषदेत त्यावर माना डोलतात, आणि तिथून ते अहवालांत आणि भाषणांत जाऊन बसतं. त्याच्या पाठोपाठ आणखी दोन विधानं येतात. आईबापांनाच शिक्षणाची पर्वा नाही, हे एक. आणि म्हणून मुलांना फडावर येऊच देऊ नये, गावातल्या वसतिगृहात ठेवावं, हे दुसरं. असं म्हणणारी माणसं दुष्ट नाहीत. त्यांतले कितीतरी जण तळमळीचे शिक्षक आहेत आणि खिशातले पैसे घालून या मुलांना वह्या देणारेही त्यांत आहेत. म्हणूनच त्यांचं म्हणणं नुसतं सोडून देता येत नाही, त्याचा प्रतिवाद करावा लागतो.

आधी वस्तुस्थिती पाहू. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून, पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतून, शेजारच्या पाथर्डी-शेवगावातून, दसरा-दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुण्याकडे आणि सीमेपलीकडे कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती अंगमेहनतीनं फेडायची असते. परतायचं ते हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे मूल जूनमध्ये गावच्या शाळेत बसतं, पहिलं सत्र तिथं काढतं, दुसऱ्या सत्राला शेकडो किलोमीटरवरच्या शाळेत जातं, आणि वार्षिक मूल्यमापन तोंडावर आलेलं असताना पुन्हा गावात येतं. मधेच टोळी दुसऱ्या गावच्या फडावर हलली, तर तिसरी शाळा.

आता मला सांगा, वर्षातून दोन-तीनदा घर, रस्ता, पाणवठा, शिक्षक आणि शेजारचं पोर बदलणारं आठ वर्षांचं मूल जुळवून घेण्यात कमी पडतं, असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो? अड्ड्यावर उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला कळलेलं असतं की पाणी कुठून आणायचं, कुणाच्या विहिरीवर जायचं नाही, कुत्रं कुठलं चावरं आहे. उसाचं पान पाहून हा 86032 जातीचा आहे की 265, हे ते सांगतं. आईबाप पहाटे अंधारात फडावर गेले की धाकट्याला सांभाळतं, बैलांना वाढं टाकतं, रात्री गाडी भरायची वेळ आली की कोपीत एकटं झोपतं. जुळवून घेणं हे या मुलाचं रोजचं काम आहे. ते ज्या एकाच ठिकाणी जमत नाही, त्या ठिकाणाची तपासणी करायची की मुलाची?

कृष्णाकाठच्या एका गावात, डिसेंबरातल्या एका सकाळी, मी चौथीच्या वर्गात मागे बसलो होतो. बाई हजेरी घेत होत्या. दाराजवळ बस्करावर तीन मुलं होती, ऊसतोड कामगारांच्या तळावरची. बाकीचा वर्ग बाकांवर. हजेरी क्रमांकानं चालली होती. चौदा नंबर पुकारला गेला, पुढच्या बाकावरची मुलगी ‘हजर’ म्हणाली आणि नेमक्या त्याच वेळी दाराजवळच्या तिघांतल्या मुलीचे ओठ हलले. नंतर तिला विचारलं तेव्हा कळलं, गावच्या शाळेत ती चौदा नंबर आहे. इथल्या हजेरीत ती कुठेच नव्हती. हजेरी संपल्यावर बाईंनी वेगळ्या वहीत तारीख घालून ‘स्थलां. 3’ असं लिहिलं. तीन मुलांची नावंसुद्धा नाहीत, आकडा फक्त. बाई मनानं चांगल्या होत्या. तासाला त्यांनी त्या मुलीला दोनदा प्रश्न विचारला, ती बोलली नाही. मला म्हणाल्या, ‘‘ही गप्पच असते बघा. बोलतच नाही. रमत नाहीत ही मुलं.’’

संध्याकाळी तळावर गेलो. ताडपत्री आणि चटयांच्या कोप्यांची रांग, मधे चुली, बैल बांधलेले. तीच मुलगी बापाच्या हातातली वजनकाट्याची पावती घेऊन चुलीच्या उजेडात वाचून दाखवत होती. गाडीचं वजन, वजावट, निव्वळ टनेज, एकेक आकडा. बाप मागच्या खेपेचं वजन विचारत होता आणि ती तोंडपाठ सांगत होती. मग धाकट्या भावाला कडेवर घेऊन ती आमच्याशी पुष्कळ बोलली. दिवसभर वर्गात तिच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता, कारण सकाळी एकदा ती ‘येऊलाले’ म्हणाली होती आणि सगळा वर्ग हसला होता. हे तिनंच सांगितलं, तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून.

या मुलीला भावनिक आधाराची गरज आहे का? आहे. पण तो आधार समुपदेशकाच्या खुर्चीत मिळण्याआधी हजेरीच्या ओळीत मिळायला हवा. वर्गातली जागा, नाव, बाक, पुस्तक, ताटात इतरांइतकंच वाढलेलं जेवण, खेळात घेतलेला एक नंबर, या गोष्टींतून मुलाला कळतं की आपण इथले आहोत. त्या न देता मूल रमत नाही म्हणणं म्हणजे पाहुण्याला दारात उभं ठेवून तो घरात का मिसळत नाही असं विचारणं. भाषेचंही तेच. सांगली-कोल्हापूरची बोली बीडच्या मुलांना वेगळी, त्यांची इथल्या मुलांना वेगळी. तांड्यावरून आलेल्या बंजारा मुलांच्या घरात तर गोरमाटी बोलली जाते. पण पहिल्याच आठवड्यात बाईंनी ‘आपल्याकडे काय म्हणतात, तुमच्याकडे काय म्हणतात’ असा एक तास घेतला, तर हसू थांबतं, हे मी दोन शाळांत पाहिलं आहे. त्याला निधी लागत नाही.

मग नाव हजेरीत का लागत नाही? बाईंच्या आकसामुळे नक्कीच नाही. त्याचं कारण कागदावर आहे, आणि मला वाटतं या सगळ्या चर्चेत सर्वांत कमी बोललं जातं ते याच कागदाबद्दल. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेत ठरतं आणि संचमान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर होते. ऊसतोडीची मुलं कारखान्याच्या गावात पोचतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मोफत पाठ्यपुस्तकं जूनमध्ये आलेली असतात, पटाच्या आकड्याप्रमाणे. म्हणजे या मुलांसाठी यजमान शाळेत शिक्षक मोजलेला नाही, पुस्तक मोजलेलं नाही, बाक मोजलेला नाही. दुसऱ्या टोकाला गावची शाळा. मुलाचं नाव ऑनलाइन दुसऱ्या शाळेकडे वर्ग केलं तर पट घटतो, पट घटला तर पद जाण्याची भीती. त्यामुळे नाव गावात राहतं आणि मूल दुसरीकडे बसतं. दोन्ही शाळा आपापल्या परीनं स्वतःला वाचवत असतात, आणि मूल दोन्हीकडे परकं होतं. एप्रिलमध्ये ते गावी परततं तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो, मैत्र्या नव्यानं जुळलेल्या असतात. 2023-24पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे. त्यात आणि पुनर्परीक्षेत न जमलं तर मूल त्याच वर्गात राहतं. ज्या सत्राला ते मूल मोजलंच गेलं नव्हतं, त्या सत्राचा हिशेब आता त्याच्याकडून घेतला जाणार.

कायदा मात्र या बाबतीत आडपडदा ठेवत नाही. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 9मध्ये स्थानिक प्राधिकरणाची जी कर्तव्यं मोजली आहेत, त्यांत स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं हे स्वतंत्रपणे लिहिलेलं आहे. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे कलम 5मध्ये आहे. तरीही त्याच तळावर एका आईनं मला सांगितलं, ‘‘पोराला घालायला गेले व्हते, म्हणले दाखला आणा. आता दाखल्यासाठी खाडा करून गावाकडं कोण जाईल?’’ खाडा म्हणजे कामाचा दिवस बुडणं, वर दंड. ही बाई पर्वा नसलेली आई आहे का?

इथंच दुसऱ्या विधानाकडे येतो. आईबापांना पर्वा नाही, हे विधान मला सर्वांत अन्यायाचं वाटतं. तोडणीचा दर जानेवारी 2024च्या करारानंतर टनाला 366 रुपये झाला. एक कोयता दिवसभर राबून साधारण दीड-दोन टन ऊस तोडतो, मोळ्या बांधतो, डोक्यावरून वाहून गाडी भरतो. त्यातून उचल वळती व्हायची. अशा घरात दहा वर्षांची मुलगी तान्ह्या भावाला सांभाळायला थांबली नाही, तर आई फडावर जाऊ शकत नाही, आणि आई गेली नाही तर कोयता अर्धा होतो. मुलगी शाळेत आली नाही म्हणून शिक्षक गैरहजेरी लिहितात. पण त्या मुलीची शाळा सुरू होण्याची अट शाळेत नाहीच, ती धाकट्याच्या पाळणाघरात आहे. तळावर सकाळी सहापासून चालणारी अंगणवाडी उभी करा आणि मग हजेरी पाहा. हे न करता पालकांचं प्रबोधन करायला निघणं व्यर्थ आहे. या आयांना शिक्षणाचं महत्त्व पटवायची गरज नाही. ज्यांच्या हाताला कोयत्याचे घट्टे आहेत, त्यांना ते आपल्याइतकंच समजतं, कदाचित जास्त.

आता वसतिगृहं. या मताला सगळ्यांत जास्त पाठिंबा आहे आणि त्यात तथ्य आहेच. मूल गावातच राहिलं तर शाळा तुटत नाही. हंगामी वसतिगृहांनी हजारो मुलांचं वर्ष वाचवलं आहे आणि ती बंद करा असं मी म्हणणार नाही. संत भगवानबाबा यांच्या नावानं 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं उभारण्याची सरकारची योजना आहे, ती सगळी लवकर आणि नीट उभी राहावीत. आठवी-नववीच्या, दहावीला बसणाऱ्या मुलामुलींना त्यांची फार गरज आहे.

पण सहा वर्षांच्या मुलाला सहा महिने आईपासून दूर ठेवणं हा उपाय आपण इतक्या सहजपणे सुचवतो, त्याचं मला नवल वाटतं आणि दुःखही. आपल्या घरात कुणी असं करील का? बहुतेक हंगामी वसतिगृहांत राहण्याची सोय म्हणजे शाळेच्या खोलीत दोन वेळचं जेवण, आणि झोपायला आजीचं घर. मंजुरी अनेकदा मुलं निघून गेल्यावर येते, म्हणजे ज्यांना थांबवायचं ती तोवर गाडीत बसलेली असतात. आजीची नजर अधू, गुडघे गेलेले, घरात कधी कधी चार-पाच नातवंडं. धारूर भागातल्या एका आजीनं सांगितलं होतं, पोरगं दिवसभर खेळतं, शाळेत जातं, पण रात्री फोनवर आईचा आवाज आला की त्या रात्री जेवत नाही, म्हणून तिनं लेकीला संध्याकाळी फोन करू नको असं बजावलं. दुपारी करायचा, तर आई फडात आणि फोनला चार्जिंग नाही. शिक्षकांच्या नोंदीत हे मूल नियमित आहे. त्याची हजेरी भरलेली आहे. त्याच्या मनाची नोंद कुठल्याही रकान्यात नाही, आणि यालाच आपण समायोजनाचं यश म्हणून दाखवतो.

मुलींचं आणखी वेगळं आहे. बारा-तेराची झालेली मुलगी म्हाताऱ्या आजीजवळ सोडून जायला आईबाप धजत नाहीत, आणि तळावर, उघड्या कोपीत, न्यायलाही घाबरतात. दोन्ही भीती खऱ्या आहेत, त्यांना मागासलेपणा म्हणून हिणवू नये. त्यातून त्यांना दिसणारी तिसरी वाट लग्नाची असते. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास 44 टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. राज्याची सरासरी याच्या निम्म्यावर होती. सुरक्षित, महिला अधीक्षक असलेलं, कुलूप-दिवा-न्हाणीघर धड असलेलं मुलींचं वसतिगृह गावापासून हाकेच्या अंतरावर असेल, तर यातल्या कितीतरी मुली शाळेत राहतील. पण ते मोठ्या मुलींसाठी, त्यांच्या इच्छेनं. लहानग्यांना आईजवळ राहू द्या आणि शाळेला त्यांच्याजवळ न्या.

यावर साखरशाळांचा दाखला दिला जातो. नव्वदच्या दशकापासून जनार्थसारख्या संस्थांनी कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालवल्या, वीटभट्ट्यांवर ‘विधायक संसद’ या संस्थेच्या भोंगाशाळा चालल्या. शिक्षण हक्क कायदा आल्यावर मुलांना जवळच्या नियमित शाळेत घालायचं ठरलं आणि साखरशाळा मिटत गेल्या. वेगळी शाळा म्हणजे कायमचं वेगळेपण, हा त्यामागचा विचार मला मान्य आहे. पण साखरशाळेत एक गोष्ट होती: तिथं कुणीच बाहेरचं नव्हतं. सगळी मुलं टोळीतली, कुणी कुणाच्या बोलण्याला हसत नव्हतं. ती शाळा बंद करताना नियमित शाळेला ही गोष्ट शिकवायची राहून गेली.

ती शिकवता येते. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात 2017मध्ये ‘रोशनी’ नावाचा उपक्रम सुरू झाला. बंगाल, ओडिशा, बिहारमधून आलेल्या मजुरांच्या मुलांसाठी सरकारी शाळांत त्यांच्या भाषा जाणणारे स्वयंसेवक नेमले, शाळा भरण्याआधी जादा वर्ग ठेवला आणि सकाळचा नाश्ता दिला. तिथं भाषा वेगळी, लिपी वेगळी, राज्य वेगळं. आपल्याकडे बीडचं आणि सांगलीचं मूल बालभारतीचं तेच पुस्तक वाचतं, पाठसुद्धा तोच असतो. आपल्यापुढचं काम केरळच्या मानानं कितीतरी सोपं आहे.

शिक्षकांची बाजू मी विसरलेलो नाही. दोनशिक्षकी शाळा, चार वर्ग, त्यात नोव्हेंबरात वीस-पंचवीस मुलांची भर, वर माहित्या भरण्याची कामं. त्या शिक्षकाला आणखी एका परिपत्रकाची नव्हे, आणखी एका माणसाची गरज आहे. ऊसपट्ट्यातल्या शाळांसाठी डिसेंबरात दुसरी पटमोजणी करावी आणि त्या आकड्यावर हंगामापुरता शिक्षक द्यावा. शक्य असेल तर तो बीड-पाथर्डीकडचा डीएड झालेला तरुण असावा, कारण तो ‘येऊलालो’ म्हणणाऱ्या मुलाला न हसता उत्तर देईल. गावच्या शाळेचा पट मात्र हंगामात मूल बाहेर गेलं म्हणून घटवू नये. पट घटण्याची भीती काढली की स्थलांतर करणाऱ्या मुलाला पुढच्या शाळेसाठी द्यायचं शिक्षण हमी पत्रक, जे आज कित्येकदा त्याच्या हाती पडतच नाही, ते आपोआप भरलं जाईल.

पैसा कुठून, हा प्रश्न येतोच. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे 10 रुपये घेण्याचं ठरलेलं आहे. चांगल्या हंगामात राज्यात 10 कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो. म्हणजे 100 कोटी रुपये, कारखान्यांच्याच वाट्याचे. (ऊसतोडणी यंत्रं आली की प्रश्नच मिटेल, असंही काही जण सांगतात. आज दुसरीत असलेल्या मुलीनं तोवर काय करायचं, हे ते सांगत नाहीत.)

राहिला एक बचाव, जो मी प्रत्येक बैठकीत ऐकतो: ही मुलं अचानक येतात, आम्हाला आधी कळतच नाही. हे मान्य करता येणार नाही. ऊसतोडीत अचानक काहीच नसतं. पावसाळ्यातच उचल वाटली जाते, मुकादमांचे करार होतात, कुठली टोळी किती कोयत्यांची आणि कुठल्या गटात जाणार याची यादी कारखान्याच्या शेतकी विभागात बॉयलर पेटण्याच्या कितीतरी आधी तयार असते. बैलजोड्या किती येणार हे कारखान्याला ऑगस्टमध्ये माहीत असतं. त्याच करारपत्रात प्रत्येक कोयत्याबरोबर येणाऱ्या मुलांची नावं, वय, इयत्ता आणि गावच्या शाळेचा यूडायस क्रमांक यांसाठी चार रकाने वाढवावेत, आणि ते भरलेली यादी सप्टेंबर संपण्याच्या आत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर पोचल्याशिवाय साखर आयुक्तांनी त्या कारखान्याला गाळप परवाना देऊ नये.